एक राहू द्या

पुंता अरेनासचा वारा दार उघडू देत नाही,
आणि उघडलंच तर मिटू देत नाही.
दोन्ही हातांनी दार ओढून धरत तो आत आला,
एवारिस्तो बार्रीया, वय चौऱ्याहत्तर,
पन्नास हंगाम मेंढ्या कातरलेला माणूस.
शर्ट काढून घडी घातली, मांडीवर ठेवली.
म्हणाला, "पाठीवर काय आहे ते तुम्हीच सांगा.
माझी पाठ मी कधी पाहिलेली नाही."

मी पाहिली.
मेणबत्तीचे थेंब पडून गार व्हावेत
तशा पंधरा-सोळा तपकिरी खपल्या,
जुन्या होडीच्या बुडाला कालवं धरतात तशा,
मुळं नसलेल्या, नुसत्या येऊन बसलेल्या.
मानेभोवती चामखिळी, बारीक देठाच्या.
इथलं आभाळ विरलेलं आहे,
ऊन गाळल्याशिवाय खाली येतं,
म्हणून अकरा वर्षं मी प्रत्येक ठिपक्याकडे
पोलिसासारखी बघते.
भिंग फिरवलं. पुन्हा फिरवलं.
एकीवरही संशय घेता येईना.

"बेनिग्नो," मी म्हटलं.
आमच्या बोलीत निरुपद्रवी असेल त्याला हाच शब्द.
तो खुदकन हसला.
"माझ्या मामाचं नाव.
घोडे चोरायचा."

मग काढायच्या कशाला?
तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.
शनिवारी लग्न आहे.
ओतिलिया स्वतः शर्ट शिवतेय त्याचा,
कॉलर बेतताना दोरा अडकला मानेवर.
"ती काही बोलली नाही, डॉक्टर.
टाचणी तेवढी ओठांतच राहिली,
बराच वेळ."

त्याआधी त्याने उपाय केले होतेच:
घोडीच्या शेपटीचा केस करकचून बांधून
दोन गळल्या, तिसरी सुजली,
तिला मेंढ्यांचं औषध चोपडलं.
ते ऐकताना नर्स यास्नाने
कपाटाकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते तिचे.

नायट्रोजनचं झाकण काढलं.
पांढरी वाफ टेबलाच्या कडेवरून
सावकाश खाली सांडली.
फवारा लागला की खपली पांढरी पडते,
मग भोवती एक लालसर कडं.
"चावतंय," तो म्हणाला,
"जुलैत तारेच्या कुंपणाला ओला हात लागावा तसं."
बस, एवढीच तक्रार.

कात्री घेतली तेव्हा मात्र मान वळवून पाहिलं.
"कुठली?"
"जर्मन."
"कातडी ताणून धरा. सुरकुतीत कापलंत की रक्त येतं.
आणि जनावर दाबून ठेवायचं नसतं,
ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून.
मग ते आपणहून सैल सोडतं अंग."
मी कातडी ताणली.
सात चामखिळी, सात छोटे आवाज,
रक्त जेमतेम दोन थेंब.
एवढी चांगली मला कोणी शिकवली नव्हती.

उजव्या कानामागे एक उरली,
वाटाण्याएवढी, सगळ्यांत ठळक.
चिमटा टेकवला, तर त्याने माझं मनगट धरलं.
हात सुईरसारखा राठ, धरणं हलकं.
"ही राहू द्या."
"हीच तर दिसते सगळ्यांत आधी."
"असू द्या. ही माझी नाही."

पट्ट्या लावल्या. सांगितलं: फोड येतील, फोडू नका,
आंघोळ चालेल, ऊन नको, पंधरवड्यात झडतील.
"पण शनिवार?"
"शनिवारी कॉलर सैल शिवायला सांगा."
त्याने मान डोलावली, जणू लोकरीचा भाव ठरला.

बाहेर बाकावर नात बसली होती,
मायतेन, चार वर्षांची, एकच मोजा घातलेली.
त्याने तिला उचललं.
तिने आधी पट्ट्या मोजल्या, चुकीच्या,
मग बोट घाईघाईने कानामागे गेलं,
शोधलं,
दाबलं.

आणि माझ्या दवाखान्यात,
वाट बघणाऱ्या अकरा माणसांच्या देखत,
एवारिस्तो बार्रीया मेंढीसारखा बेंबटला,
लांब, खरा, कुरणापलीकडे ऐकू जाईल असा.

"चालतंय," ती म्हणाली.
मग दोघांनी मिळून दार ढकललं.